'मध्यम' या शब्दाची जबाबदारी

डोंगरांवर मराठीत लिहिणाऱ्यांमध्ये एक मत बरेच प्रतिष्ठित आहे. ते असे की डोंगर अनुभवायचा असतो, मोजायचा नसतो. प्रस्तरारोहणातील काठिण्यश्रेणी ही पाश्चात्त्यांची स्पर्धाखोर खोड आहे आणि सह्याद्रीच्या भक्ताला तिची गरज नाही. हे मत ऐकायला गोड आहे, व्यासपीठावर टाळ्या मिळवणारे आहे. आम्हाला मात्र ते चुकीचे वाटते, आणि चुकीचे असण्यापेक्षाही बेजबाबदार वाटते. का, हे सांगण्यापूर्वी एक प्रसंग सांगणे भाग आहे. कारण या विषयाकडे आम्ही तत्त्वचिंतनातून नव्हे, तर एका चुकीतून आलो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही दोघे प्राध्यापक आमच्या वर्गातील पंधरा-सोळा मुलामुलींना घेऊन मनोहर-मनसंतोषगडावर गेलो होतो. कुडाळ तालुक्यातील शिवापूरकडून वर पाहिले की हे दोन जोडगड दिसतात. आग्र्याहून परतल्यावर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी मनोहरगडावर महिनाभर मुक्काम केला होता, आणि १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या बंडात हाच परिसर कंपनी सरकारच्या फौजांशी लढला. आम्ही मराठीचे शिक्षक; मुलांना हा इतिहास जागेवर सांगावा एवढाच हेतू होता. हाती एक माहितीपत्रक होते. त्यात दोन्ही गडांची मिळून एकच नोंद होती, आणि नोंदीच्या तळाशी ठरलेल्या रकान्यात ठरलेला शब्द होता : 'श्रेणी : मध्यम'.

मनोहरगडापुरता तो शब्द खरा ठरला. मनसंतोषगडाची गोष्ट वेगळी आहे. त्याची जुनी वाट मोडली आहे. घसाऱ्यावरून आणि उघड्या कातळावरून जावे लागते. खालच्या वाडीतील एका आजोबांनी आम्हाला हटकले होते. "सर, चढतल्यात हो, पण उतरतल्यात कशे? आणि सकाळच्या दवात तर जांवच नकात. जरा ऊन पडांदे." आम्ही हसून मान डोलावली. आमच्याजवळ छापील शब्द होता, आजोबांजवळ नुसते तोंडी बोलणे. ज्यांचे पोट शब्दांवर चालते त्यांनी कोणावर विश्वास ठेवला, हे वेगळे सांगायला नको.

चढताना काही झाले नाही. उतरताना एका कातळटप्प्यावर आमची एक विद्यार्थिनी थिजली. पाय कोठे टाकायचा ते तिला दिसत नव्हते, कारण उतरताना तो दिसतच नाही. चढताना डोळे हातांच्या आणि पायांच्या जागा शोधत पुढे जातात, उतरताना पाय आंधळा असतो. सुमारे दीड तास ती तेथे कातळाला चिकटून होती. शेवटी वाडीतून तेच आजोबा नारळ उतरवायचा दोर घेऊन वर आले. तिच्या खालच्या बाजूस उभे राहून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाय गो, खाली बघू नको, माज्या हाताकडे बघ." तिचा एक घोटा मुरगळला, याहून अधिक काही झाले नाही. होऊ शकले असते. चूक आमचीच होती, ती आम्ही कोणावर ढकलत नाही. पण त्या दिवसापासून 'मध्यम' हा शब्द आमच्या मनातून गेलेला नाही. तो कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? कोणत्या ऋतूत, कोणत्या वाटेने जाऊन लिहिला? दोनपैकी कोणत्या गडासाठी लिहिला? आणि तो खोटा ठरला तर दुरुस्त करण्यासाठी कोणाला गाठायचे?

मराठीतील बहुतेक दुर्गनोंदींचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. उंची, प्रकार, डोंगररांग, जिल्हा आणि श्रेणी. पहिल्या चार रकान्यांतील माहिती पडताळून पाहता येते. उंची चुकली तर नकाशा पुरावा देतो, जिल्हा चुकला तर कोणीही हसेल. पाचव्या रकान्यात मात्र सोपी, मध्यम, कठीण, अत्यंत कठीण या चार शब्दांपैकी एक येऊन बसतो. त्याला ना मोजमाप, ना साक्षीदार. चौघांनी चार ठिकाणांहून तो उतरवून घेतला की तो प्रमाण होतो. हे शब्द दिसायला श्रेणीचे असले तरी ती श्रेणी नव्हे. श्रेणीचा केवळ पोशाख आहे.

वर्तमानपत्री भाषेची गत याहून वाईट आहे. तेथे सुळका चढला जात नाही, तो 'सर' होतो. त्याची अवघडता फुटांत सांगितली जाते आणि पराक्रम तासांत. आणि कडा नेहमी 'नव्वद अंशांचा' असतो. या नव्वद अंशांनी मराठी वाचकाची जेवढी दिशाभूल केली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल. कातळाचा कोन आणि कातळाची अवघडता या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरळसोट उभ्या भिंतीवर शिडीच्या पावक्यांसारख्या खोबणी असतील तर ती भिंत नवखा माणूसही दोराच्या आधाराने चढेल. उलट साठ-सत्तर अंशांचा गुळगुळीत उतार, ज्यावर बोटाला धरायला काही नाही आणि केवळ तळव्याच्या घर्षणावर उभे राहायचे आहे, तो कसलेल्या आरोहकालाही घाम फोडतो. फूट, तास आणि अंश यांनी कातळाचे वर्णन करणे म्हणजे कादंबरीची गुणवत्ता तिच्या पृष्ठसंख्येवरून ठरवण्यासारखे आहे.

श्रेणी ही 'पाश्चात्त्यांची खोड' खरीच आहे काय, ते पाहू. १८९७ साली ओवेन ग्लिन जोन्स या वेल्श वंशाच्या आरोहकाने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील कातळवाटांवर पुस्तक लिहिले, आणि त्यात वाटांची चार वर्गांत विभागणी केली : सोप्या, मध्यम, कठीण आणि असाधारण कठीण. वाचकांच्या लक्षात आले असेल की आपले चार शब्द जवळपास हेच आहेत. जोन्स व्यवसायाने शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर होता. मास्तराने उत्तरपत्रिका तपासाव्या तशा त्याने वाटा तपासल्या, असे आम्ही गमतीने म्हणतो. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, आल्प्समधील एका कड्यावर तो पडून मेला. त्याची विभागणी मात्र जगली आणि वाढली. पुढच्या पिढ्या त्याच्या असाधारण कठीण वाटा सहज चढू लागल्या, तेव्हा वर नवी विशेषणे जोडणे भाग पडले. 'डिफिकल्ट'च्या वर 'व्हेरी डिफिकल्ट', त्यावर 'सिव्हिअर', त्यावर 'व्हेरी सिव्हिअर', त्यावर 'हार्ड व्हेरी सिव्हिअर', त्यावर 'एक्स्ट्रीमली सिव्हिअर'. तेथे इंग्रजी भाषेची विशेषणे संपली आणि शेवटच्या शब्दापुढे अंक लावणे आले : ई-१, ई-२ असे करीत आज ते दहाच्याही पुढे गेले आहेत. परिणामी आज ब्रिटनमध्ये ज्या वाटेला 'डिफिकल्ट' म्हणतात ती नवशिक्यांना पहिल्या दिवशी दाखवतात.

या कहाणीतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की विशेषणे झिजतात. आज जो 'थरारक' आहे तो उद्या 'बरा' होतो. अंक हा काव्याचा शत्रू म्हणून आला नाही. विशेषणे थकली म्हणून तो आला. दुसरा निष्कर्ष असा की माप वरून बंद करणे हा अहंकार आहे. म्युनिकच्या विली वेल्झेनबाखने १९२६ च्या सुमारास एक ते सहा अशी रोमन अंकांची श्रेणी मांडली आणि सहावी पायरी म्हणजे मानवी सामर्थ्याची सीमा असे मानले गेले. हा वेल्झेनबाख पुढे १९३४ मध्ये नंगा पर्वतावर मरण पावला. सीमा ठरली की तिच्यावरचे सगळे त्याच एका खणात कोंबावे लागते. पन्नास वर्षे नवनव्या वाटा 'सहा'मध्येच दाटीवाटीने बसल्या, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस सातवी पायरी मान्य करून शिडी वरून मोकळी करावी लागली. अमेरिकेतही तेच झाले. दोराची गरज लागणाऱ्या वाटांचा पाचवा वर्ग त्यांनी १९५० च्या दशकात दशांशांत विभागला, ५.० ते ५.९. पुढे काही उरेल असे तेव्हा कोणाला वाटलेच नव्हते. मग ५.९ हून कठीण वाटा निघाल्या, आणि गणिताला न जुमानता ५.९ नंतर ५.१० आले, ५.११ आले, आणि त्यातही ए, बी, सी, डी असे पोटभाग पडले. गणिताच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे. पण आमच्या मते हीच या पद्धतीची प्रामाणिकता आहे. 'आम्ही सीमा चुकीची आखली होती' ही कबुली त्या अंकात कायमची कोरलेली आहे. आपल्या 'अत्यंत कठीण'मध्ये अशी एकही कबुली नाही.

आता, श्रेणी नेमके काय सांगते? येथे विरोधकांचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. त्यांना वाटते की श्रेणी चढणाऱ्याची लायकी सांगते. ती वाटेची सांगते. शिवाय अवघडता आणि धोका या दोन वेगळ्या बाबी आहेत हे आरोहकांनी फार पूर्वी ओळखले. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक वाटेला दोन भाग असतात. एक भाग तिच्यावरची सर्वांत अवघड हालचाल किती अवघड आहे ते सांगतो, दुसरा एकूण वाट किती गंभीर आहे ते. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तर जाणकार ताबडतोब समजतो : हालचाली सोप्या आहेत, पण दोर अडकवायला जागा नाही, पडलास तर संपलास.

ही दुहेरी दृष्टी सह्याद्रीला लावून पाहा. नाशिक जिल्ह्यातील हरिहरच्या कातळात खोदलेल्या जिन्याची छायाचित्रे घरोघरी पोचली आहेत. त्या पायऱ्यांत हातांसाठी खोबणी आहेत; हालचाल म्हणून पाहिली तर ती तीव्र उताराची शिडी आहे. मग तेथे काय कठीण आहे? कठीण आहे ती रविवारची गर्दी : वर चढणारी रांग आणि खाली उतरणारी रांग एकाच जिन्यात समोरासमोर येणे, आणि तेथे एकाचा पाय सुटला तर त्याच्याखालचे सगळे धोक्यात येणे. पनवेल तालुक्यातील कलावंतीण सुळक्याचेही तसेच. पायऱ्या आहेत, कठडा नाही. हालचाल सोपी, चुकीची किंमत मोठी. या दोन्ही ठिकाणांना 'सोपे' म्हणणारा खोटे बोलत नाही आणि 'अत्यंत कठीण' म्हणणाराही खोटे बोलत नाही. दोघेही अर्धेच बोलतात. एका शब्दाच्या रकान्यात अर्ध्यापेक्षा अधिक बोलताच येत नाही. त्या अर्ध्या सत्याच्या भरवशावर कोणीतरी आपल्या मुलीला घेऊन निघते.

वाडीतील आजोबांच्या बोलण्याकडे आता पुन्हा वळू. चढता येईल, उतरता येणार नाही. दवात नको, उन्हात चालेल. या दोन वाक्यांत त्यांनी चढाई आणि उतराई वेगळी केली, ऋतू आणि वेळ सांगितली, आणि आमच्यासारख्या नवख्यांसाठी म्हणून सांगितले. छापील 'मध्यम'पेक्षा ही श्रेणी कितीतरी शास्त्रीय होती. तेव्हा श्रेणी लावणे ही परकी खोड आहे हे म्हणणे खोटे आहे. आमच्या किनाऱ्यावर सुकतीच्या वेळी खडपांवर कालवे काढायला जाणाऱ्या बायका कोणते खडप कोणत्या महिन्यात निसरडे असते, कोणत्या बाजूने लाट वळून येते, नव्या सुनेला कोठवर न्यायचे आणि कोठे नाही, हे अचूक सांगतात. माडावर चढणारा गडी खोडाला हात लावून सांगतो की हा पावसात चढायचा नाही. ज्यांचा जीव त्या ज्ञानावर टांगलेला असतो ते सगळे श्रेणी लावतात. जे केवळ पाहायला जातात त्यांनाच मोजमाप अरसिक वाटते.

विरोधकांचा सर्वांत जोरकस आक्षेप असा : श्रेणीमुळे आरोहक अंकांचे गुलाम होतात, कडा विसरतात, आणि 'मी अमुक अंकाचा' अशी नवी जात जन्माला येते. हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. असे लोक आम्हीही पाहिले आहेत. परंतु ज्या व्यवहारात ही गुर्मी जन्मते त्याच व्यवहाराने तिच्यावरचा उताराही शोधला आहे. जो पहिल्यांदा वाट चढतो त्याला श्रेणी 'देता' येत नाही, ती फक्त 'सुचवता' येते. नंतर चढणारे ती मान्य करतात किंवा खाली आणतात. २०१७ साली नॉर्वेतील फ्लाटांगरच्या गुहेत अ‍ॅडम ओंड्राने जी वाट चढली ती तोवरच्या सर्व वाटांहून कठीण होती, आणि तिच्यासाठी त्याने '९ सी' हा तोवर अस्तित्वात नसलेला अंक मांडला. जगातल्या अग्रगण्य आरोहकाचाही तो प्रस्तावच होता. फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या जंगलात चार्ल्स आल्बेर या अनवाणी चढणाऱ्या आरोहकाने एका धोंड्यावरील आपल्या चढाईला त्या प्रकारातील सर्वोच्च अंक सुचवला. अल्पावधीतच जपानच्या र्‍योहेई कामेयामाने ती चढाई दुसऱ्या रीतीने केली आणि अंक एक पायरी खाली आणला. यात कोणाचा अपमान झाला नाही. दगड तेथेच होता. ज्याला शंका असेल त्याने जाऊन हात लावून पाहावे.

अमेरिकेतील जॉन गिल पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने धोंड्यांवरील चढायांसाठी तीनच पायऱ्यांची श्रेणी काढली, आणि तिची तिसरी पायरी केवळ अशा चढाईसाठी राखून ठेवली जी आजवर एकदाच झाली आहे. दुसऱ्या कोणी ती केली की ती आपोआप दुसऱ्या पायरीवर उतरायची. म्हणजे सर्वोच्च स्थान मिळते, पण ते कोणाला राखता येत नाही. गर्वाचा यापेक्षा सुंदर बंदोबस्त आमच्या पाहण्यात नाही. आता तुलना करा : वर्तमानपत्रात 'अतिकठीण श्रेणीतील सुळका सर' असे एकदा छापून आले की ते खाली आणण्याची सोय कोठे आहे? गुर्मी अंकात नसते. पडताळणीला नकार देणाऱ्या शब्दात ती असते, आणि तो शब्द आपण मराठीत रोज वापरतो.

एक आक्षेप मात्र आम्हाला पूर्ण मान्य आहे, आणि तो विरोधक सहसा घेत नाहीत. श्रेणी कोणाच्या शरीरावर बेतलेली आहे? हाताची झेप, बोटांची जाडी, उंची यांवर हालचाल बदलते. पण श्रेणी बहुतांशी तरुण, उंच, सराव असलेल्या पुरुषांनी ठरवली. लिन हिल या अमेरिकन स्त्रीने १९९० मध्ये '८ बी प्लस' दर्जाची वाट चढली, तेव्हा तोवर कोणत्याही स्त्रीने ते केले नव्हते आणि स्त्रीला ते जमणार नाही असे छातीठोकपणे म्हणणारे होते. १९९३ मध्ये तिने योसेमिटीच्या एल कॅपिटान कड्यावरील 'नोज' ही वाट केवळ हातापायांच्या बळावर चढली, जे तोवर कोणत्याही पुरुषाला साधले नव्हते. मग कोणी म्हणू लागले की तिची बोटे बारीक होती, चिरांत सहज शिरली. उंच पुरुषाची लांब झेप हे त्याचे कौशल्य, आणि बुटक्या स्त्रीची बारीक बोटे ही दगडाने केलेली सवलत! आपल्या रायगडाच्या कथेतील हिरकणी रात्री कडा उतरली. तिच्या वात्सल्याचे आपण पोवाडे गातो, तिच्या पायांच्या कौशल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जणू तो कडा मातृत्वाने आपोआप उतरता येतो. कौशल्याचे माप नसले की त्याच्या जागी भावना बसवता येते, आणि त्यात नेहमी दुबळ्याचेच कौशल्य गहाळ होते. म्हणून हा आक्षेप श्रेणी सुधारण्याच्या बाजूचा आहे, मोडीत काढण्याच्या बाजूचा नाही. मापपट्टी वाकडी असेल तर ती सरळ करावी; वाकडी आहे म्हणून अंदाजपंचे कापड कापू नये.

या ठिकाणी आमच्याच घराकडे बोट दाखवणे प्राप्त आहे. आम्ही श्रेणी देण्याचा पगार घेतो. उत्तरपत्रिकांना देतो, आणि आमच्या संस्थांना मिळालेल्या 'नॅक'च्या श्रेणीचे फलक प्रवेशद्वारांवर झळकताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या श्रेण्यांनी आम्हाला श्रेणी या शब्दाचाच वीट आणला, हे खरे. कड्याच्या अंकाविषयी मराठी प्राध्यापकाला जी अढी असते तिचे मूळ डोंगरात नाही, कार्यालयात आहे. पण फरक पाहा. कार्यालयातील श्रेणी कागद पाहून दिली जाते आणि कागद सजवता येतो. कड्याची श्रेणी कड्याला हात लावून दिली जाते. आणि समीक्षेत आम्ही काय करतो? 'कसदार', 'अस्सल', 'समर्थ', 'दमदार पदार्पण'. ही विशेषणे आणि 'श्रेणी : मध्यम' एकाच कुळातली. ती कोणी पडताळत नाही, कोणी मागे घेत नाही. तीस वर्षांपूर्वी ज्याला आम्ही 'मैलाचा दगड' म्हटले ते पुस्तक आज कोणी उघडत नाही, तरी 'आम्ही चुकलो' असे छापील वाक्य आमच्या पिढीने क्वचितच लिहिले. प्रस्तरारोहक हे दर आठवड्याला करतात. त्यांना मोजमापाची खोड लागली असे म्हणण्यापूर्वी आम्हाला ती का लागली नाही, हे विचारणे बरे.

हा प्रश्न आताच का काढावा? कारण शब्दाची किंमत वाढत चालली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांतील सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आमच्या जिल्ह्यातले. हे जलदुर्ग पाहून परतताना पर्यटक विचारणार, जवळपास आणखी काय आहे? आणि कोणीतरी त्याला डोंगराकडे बोट दाखवणार. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांच्या नोंदणीची चौकट आणली, हे स्वागतार्हच आहे. पण नोंदणी आयोजकाची होते, त्याच्या जाहिरातीतील 'सोपा' या शब्दाची होत नाही.

आमची मागणी मोठी नाही. योसेमिटीचे दशांश जसेच्या तसे आणून आमच्या ठिसूळ काळ्या कातळावर चिकटवा, असे आम्ही म्हणत नाही. सह्याद्रीचा दगड पावसाळ्यागणिक सुटतो, गवत वाढते, घसारा सरकतो. आणि अनेक गडांच्या वाटा इंग्रजांनी मोडल्या, तेव्हा येथील अवघडता निसर्गाइतकीच इतिहासानेही घडवली आहे. म्हणून येथील श्रेणीला तारीख हवी. प्रत्येक नोंदीत एवढे असावे : वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा कोणता आणि तो किती लांबीचा, तेथून पडल्यास काय होईल, उतराई चढाईहून कठीण आहे काय, दोर लागतो काय आणि तो कोणाला लागतो, कोणत्या महिन्यांत जाऊ नये, आणि शेवटी, हे कोणी, कोणत्या वर्षी स्वतः जाऊन लिहिले. जोडगड असतील तर दोन नोंदी. आणि जो दुरुस्ती पाठवील त्याचे नाव मूळ लेखकाच्या नावाशेजारी छापावे. यातील एकही गोष्ट खर्चिक नाही. त्यासाठी फक्त 'मध्यम' लिहिणाऱ्याला तेथे एकदा जावे लागेल, आणि उतरूनही यावे लागेल.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा शिवापूरला गेलो. आजोबा आता डोंगर चढत नाहीत. आम्ही वही काढून त्यांना मनसंतोषच्या वाटेविषयी एकेक टप्पा विचारत गेलो आणि ते सांगत गेले. कोठे पाणी झिरपते, कोठला दगड हलतो, कोठे तोंड कातळाकडे करून उतरायचे. साडेतीन पाने झाली. त्यांच्या सांगण्यात एकदाही 'सोपा' किंवा 'कठीण' हा शब्द आला नाही. शेवटी आम्हीच न राहवून विचारले, "आजोबा, एका शब्दात सांगायचे तर?" ते आमच्याकडे पाहत राहिले. "एका शब्दात कित्याक?" ते म्हणाले.